धंद्याचं बोलू : सिम तुमच्या नावावर, ग्राहक अनोळखी

प्रश्न : ताई, बार्शीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुने अँड्रॉइड फोन दुकानात पडूनच असतात. पुण्यात नोकरीला असलेला मेव्हणा म्हणतो, मोबाइल प्रॉक्सीचा धंदा सुरू कर. वीस डोंगल, वीस सिम आणि एक छोटा कॉम्प्युटर, एवढंच लागतं. टेलिग्रामवरचा एक ग्राहक सिममागे महिना ४० डॉलर द्यायला तयार आहे, पैसे यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरशी भाव बांधलेल्या क्रिप्टो-चलनात. सिम मी, बायको, आई आणि दुकानातली दोन पोरं यांच्या नावावर घेणार आहे. भांडवल दीडेक लाख लागेल. हा धंदा करावा का? आणि यंत्रणा कशी उभारावी?
— एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)

उत्तर : दीड लाख अजून हातात असतील तर हातातच ठेवा. आणि दुकानातल्या पोरांच्या नावावर सिम घेतली असतील तर ती या आठवड्यात बंद करून टाका. बाकीचं सावकाश बोलू, कारण तुमच्याकडे धंद्याला उपयोगी पडेल असं बरंच काही आहे आणि ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात. प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या जोडणीतून इंटरनेट वापरण्याची वाट. ग्राहक बसलेला असतो कुठेतरी लांब, पण समोरच्या वेबसाइटला तो बार्शीतल्या जिओ किंवा एअरटेलच्या सिमवरून आल्यासारखा दिसतो. मोबाइलच्या आयपी पत्त्याला (म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखण्याच्या क्रमांकाला) जास्त भाव मिळतो, कारण कंपन्या एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. तो पत्ता अडवला तर खरे गिऱ्हाईकही अडतात, म्हणून वेबसाइटवाले हात आखडता घेतात.

यंत्रणेचं विचारलंत, तर ती उभारणं तुमच्यासारख्या माणसाला कठीण नाही. कुठे अडतं ते सांगते. मोबाइल सिमला बाहेरून थेट गाठता येईल असा आयपीव्ही४ पत्ता सहसा मिळत नाही, म्हणून ग्राहक तुमच्या दुकानातल्या मशीनपर्यंत सरळ पोहोचू शकत नाही. मध्ये भाड्याचा एक सर्व्हर घ्यावा लागतो, दुकानातल्या मशीनवरून त्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या प्रोग्रॅमने बंदिस्त वाट, म्हणजे बोगदा टाकावा लागतो, आणि ग्राहक त्या सर्व्हरवरून आत येतो. घरगुती डोंगल एकापेक्षा जास्त लावली की दुसरी अडचण येते. एकाच बनावटीची डोंगल बहुधा एकाच पत्त्यावर बसतात. हुआवेच्या बऱ्याच डोंगलांचा तो १९२.१६८.८.१ असतो. एकेक डोंगल वेगळं लावून तो पत्ता बदलला नाही तर कॉम्प्युटरचा दोन्हींत गोंधळ होतो. साध्या यूएसबी हबवर चार-पाच लावली की सिग्नल कमकुवत असताना ती जास्त वीज ओढतात आणि एकामागून एक बंद पडतात. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हबच लागतो. डोंगलऐवजी जुने फोन वापरले तर रात्रंदिवस चार्जिंगला राहून बॅटऱ्या फुगतात, हे मी तुम्हाला काय सांगणार! बार्शीच्या मे महिन्यात बंद कपाटात वीस फोन ठेवणं म्हणजे आगीला निमंत्रण.

हिशेबही मांडून पाहू. एका माणसाच्या नावावर देशभरात सगळ्या कंपन्या मिळून ९ सिमच चालतात. (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६.) त्यात तुमचा रोजचा नंबरही धरला जातो, म्हणजे एकट्या तुमच्या नावावर धंद्याला उरली फार तर ८. (बाकीच्यांच्या नावावर का घेऊ नयेत ते पुढे सांगते.) रोज २ जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन साडेतीनशे रुपयांच्या घरात पडतो आणि वर्षात १३ रिचार्ज होतात, म्हणजे ८ सिमचे ३६ हजार ४०० रुपये. रोजची मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि ग्राहक ओरडायला लागतो. अनलिमिटेड ५जी घ्यावं, तर कंपन्यांच्या अटींत ते वैयक्तिक, बिगर-व्यापारी वापरापुरतंच असतं. वापराची तऱ्हा वेगळी दिसली की सिम बंद करतात, आणि तिथे तुमची तक्रार कोणी ऐकणार नाही.

तरी हिशेब हा माझा मुख्य आक्षेप नाही.

मी बरीच वर्षं एका मोबाइल कंपनीच्या नेटवर्क विभागात काढली. तिथे तपास यंत्रणांकडून रोज मागण्या यायच्या : अमुक आयपी पत्ता, अमुक पोर्ट (त्या पत्त्यामागची नेमकी जोडणी ओळखणारा आकडा), अमुक तारीख, इतके वाजून इतकी मिनिटं इतके सेकंद, त्या वेळी ही जोडणी कोणाकडे होती? लोकांना वाटतं, एका पत्त्यामागे एवढी माणसं असताना शोधणार कसं? पण पत्त्याबरोबर पोर्ट आणि वेळ मिळाली की एकच सिम उरतं. या नोंदींना आयपीडीआर म्हणतात आणि परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना त्या किमान २ वर्षं जपाव्या लागतात. उत्तर म्हणून आम्ही जो कागद पाठवायचो, त्यावर नंबर, नाव, पत्ता आणि ओळखीचा पुरावा असायचा. तुमच्या टेलिग्रामवरच्या ग्राहकाने उद्या कोणाच्या बँक खात्यात हात घातला, तर त्या कागदावर तुमच्या आईचं नाव असेल. पोलीस बार्शीत येतील, कारण माग तिथेच संपतो. त्यापुढची कडी दाखवू शकणारा एकटा माणूस तुम्ही, आणि तुमच्याकडे ग्राहकाची ओळख काय? एक टोपणनाव आणि एक क्रिप्टो वॉलेटचा पत्ता.

नवी मुंबईतली जुनी गोष्ट आठवत असेल. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल गेला आणि त्याचा माग सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरापर्यंत निघाला. त्याचं वाय-फाय कोणीतरी वापरलं होतं. एटीएसने त्याचे कॉम्प्युटर नेले, चौकशांवर चौकशा झाल्या. त्याने तर कोणाला काही विकलंही नव्हतं. तुम्ही तर पैसे घेऊन दार उघडून देणार आहात.

आता कायदा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सिमच्या मर्यादेपेक्षा जास्त जोडण्या ठेवल्यास पहिल्यांदा ५० हजार आणि पुन्हा घडल्यास २ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फसवणुकीने किंवा दुसऱ्याची ओळख वापरून सिम मिळवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुकानातल्या पोरांनी ‘दादा म्हणाले म्हणून’ आधार आणि अंगठा दिला, तर त्यांना कशासाठी सही करतोय ते कळलेलं असतं का? मला हे सगळ्यात जास्त खटकलं. उद्या ती पोरं नोकरी सोडून जातील आणि नोटीस त्यांच्या घरी जाईल. परवानगीशिवाय दूरसंचार सेवा पुरवण्याची शिक्षा आणखी कडक आहे : ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटींपर्यंत दंड. प्रॉक्सी त्या व्याख्येत बसते की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील, पण तो वाद स्वतःच्या खर्चाने कोर्टात सोडवायची हौस कोणाला आहे?

याखेरीज सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. त्यांच्या खुलाशात व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमधून जाणारी बंदिस्त वाट) तंत्राने सर्वसामान्य वापरकर्त्यांना ‘इंटरनेट प्रॉक्सीसारखी सेवा’ देणाऱ्यांनाही व्हीपीएन पुरवठादारांत धरलं आहे. त्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, सेवा घेण्याचा हेतू आणि दिलेले आयपी पत्ते ५ वर्षं जपायचे. यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या, आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. तुमचा तो ग्राहक असली एकही माहिती देणार नाही. म्हणूनच तर तो तुमच्याकडे आला आहे, आणि म्हणूनच ४० डॉलर देतो आहे.

यूएसडीटीचं काय होतं तेही सांगते. ते रुपयांत करायला तुम्ही कुठल्यातरी अनोळखी खरेदीदाराला विकणार आणि तो तुमच्या खात्यात पैसे टाकणार. ते पैसे कोणाच्या फसवणुकीतून आलेले असतील आणि त्या माणसाने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली असेल, तर बँक तुमच्या खात्यातली रक्कम रोखून धरते. दुकानाचं खातं तेच असेल तर स्क्रीन आणि बॅटरीच्या होलसेलवाल्याला द्यायलाही पैसे राहत नाहीत. खातं मोकळं करून घ्यायला कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागतील याचा नेम नसतो.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : जोडणी विकू नका, तपासणी विका.

प्रामाणिक ग्राहकाला मोबाइल प्रॉक्सी कशासाठी हवी असते? पुण्यातल्या अ‍ॅप बनवणाऱ्याला बघायचं असतं, आपलं अ‍ॅप सोलापूर जिल्ह्यात बीएसएनएलवर उघडतं का. जाहिरात एजन्सीला बघायचं असतं, पैसे मोजलेली जाहिरात बार्शीत जिओवर दिसते का, आणि ती कसल्या मजकुराशेजारी दिसते. पतसंस्थेच्या अ‍ॅपवाल्याला कळायला हवं असतं, ओटीपी किती वेळाने येतो, यूपीआयवरून परत आल्यावर पान कोरं पडतं का. हे सगळं तुम्ही तुमच्या हाताने, तुमच्या फोनवर करून दाखवू शकता. त्यासाठी चारच सिम लागतात : जिओ, एअरटेल, व्ही (व्होडाफोन आयडिया), बीएसएनएल. चारही तुमच्या नावावर, मर्यादेच्या आत. परका माणूस तुमच्या जोडणीत शिरतच नाही.

आणि इथे तुमचं दुकान कामी येतं. प्रॉक्सी विकणाऱ्याकडे नुसता पत्ता असतो, तुमच्याकडे खरे फोन आहेत. २ जीबी रॅमचा, अँड्रॉइड ९ वर अडकलेला, स्टोरेज भरत आलेला फोन. असा फोन हिंजवडीतल्या ऑफिसात शोधूनही सापडत नाही, पण तुमच्या भागातले अनेक शेतकरी तोच वापरतात. त्यावर मराठी जोडाक्षरं तुटतात का, कीबोर्ड वर आला की ‘पुढे’चं बटण झाकलं जातं का, भर बाजारात नेटवर्कवर ताण असताना पान किती सेकंदांनी उघडतं, याची स्क्रीन रेकॉर्डिंग आणि एक पानी अहवाल द्या. अहवालात फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सिम, ठिकाण, तारीख आणि वेळ न चुकता लिहा. ग्राहक पैसे त्या नेमकेपणाचे देतो. सुरुवात गावातल्याच एखाद्या पतसंस्थेपासून किंवा क्लासवाल्यापासून करा. पहिला अहवाल फुकट द्या आणि तो नमुना घेऊन पुण्यातल्या छोट्या कंपन्यांना ईमेल करा. एका चाचणीचे पाचशे रुपये सांगायला लाजू नका.

पुढे एखाद्या ओळखीच्या कंपनीने ‘आम्हालाच थेट जोडून द्या’ म्हटलं, तर आधी दूरसंचाराचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा आणि सिम कंपनीकडून व्यावसायिक जोडणी घ्या. त्यात प्रत्येक वापरणाऱ्याची केवायसी होते. मगच लेखी करार, जीएसटी क्रमांक, आणि थ्रीप्रॉक्सी किंवा स्क्विड या प्रॉक्सी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फक्त त्या कंपनीच्या स्वतःच्या डोमेनना (वेबसाइटच्या पत्त्यांना) वाट. बाकी सगळं बंद. कुठल्या ग्राहकाने कुठल्या मिनिटाला कुठला पत्ता उघडला याची नोंद ठेवा आणि मशीनचं घड्याळ एनआयसी या सरकारी संस्थेच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवून ठेवा. दोन मिनिटांचा फरक राहिला तर तुमची नोंद कंपनीच्या आयपीडीआरशी जुळणार नाही आणि ऐन वेळी तिचा काही उपयोग होणार नाही.

मेव्हण्याला माझा निरोप सांगा : पुण्यात ग्राहक शोधायला त्याची फार मदत होईल.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याने फोनवर आणि घरच्या कॉम्प्युटरवर एक अ‍ॅप टाकलं आहे. ‘वापरात नसलेलं इंटरनेट शेअर करा आणि पैसे मिळवा’ असं त्यावर लिहिलंय. महिन्याला थोडेफार पैसे येतात. तो म्हणतो, आई, यात आपण काहीच करत नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काढून टाका, आजच. वरचं बार्शीचं पत्र त्याला वाचायला द्या, कारण तो त्याच साखळीचं दुसरं टोक आहे. बार्शीचे गृहस्थ आपली जोडणी स्वतः विकणार होते. तुमच्या मुलाची जोडणी कंपनी विकते आणि त्याला चिल्लर देते. विकत घेणारा कोण हे ना त्याला माहीत, ना तुम्हाला. आणि फायबरची जोडणी ज्याच्या नावावर असेल, बहुधा तुमच्या किंवा मिस्टरांच्या, नोंद त्याच्याच नावाने होते.

हे कोणत्या थराला जातं त्याचा दाखला आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘९११ एस५’ नावाचं प्रॉक्सी जाळं मोडून काढल्याचं जाहीर केलं. १९० हून जास्त देशांतले मिळून १ कोटी ९० लाख आयपी पत्ते त्यात अडकले होते. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शील्डव्हीपीएन अशी फुकट व्हीपीएन अ‍ॅप लोकांनी आपण होऊन बसवली होती. त्यातून आपलं मशीन परक्यांना भाड्याने जातंय याची त्यांना कल्पनाही नव्हती. गुन्हेगारांनी त्या घरगुती पत्त्यांआडून करोनाकाळातल्या मदत योजनांवर डल्ला मारला. तपास यंत्रणांच्या मते बेरोजगारी भत्त्याचेच ५ लाख ६० हजार खोटे अर्ज या जाळ्यातून गेले आणि नुकसान ५.९ अब्ज डॉलरच्या वर होतं. जाळं चालवणाऱ्याला सिंगापुरात अटक झाली.

तुमच्या मुलाने टाकलेलं अ‍ॅप त्यातलं आहे असं मी म्हणत नाही. पण वापरणारा कोण हे तुम्हाला दिसत नसेल तर दोन्हींत तुमच्यापुरता फरक उरत नाही.

अ‍ॅप काढल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचं पान उघडा आणि कुठलं अ‍ॅप पार्श्वभूमीत सर्वांत जास्त डेटा खातंय ते बघा. कॉम्प्युटरवर सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तपासा. नुसता आयकॉन डिलीट करून असले प्रोग्रॅम जात नाहीत, अनइन्स्टॉलच करावे लागतात. मग राउटरचा पासवर्ड बदला. तिथे अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा आणि वाय-फायचा वेगळा असतो, दोन्ही बदला.

मुलाला रागावू नका. अकरावीत स्वतः कमवावंसं वाटणं चांगलं आहे. बार्शीला सुचवलेलं चाचणीचं काम तोही करू शकेल, आणि त्यातून मिळालेल्या पैशाचा हिशेब तो तुमच्यासमोर मांडू शकेल.

प्रश्न : मी डोंबिवलीतून स्वतंत्रपणे अ‍ॅप-चाचणीचं काम करते. जर्मनीतल्या एका ग्राहकाला भारतीय मोबाइल नेटवर्कवरचे अहवाल हवे आहेत. जीएसटी लागेल का? तो क्रिप्टोत पैसे देऊ का, असंही विचारतो आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी घेतलीत तर परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात ठरते आणि तिच्यावर कर शून्य लागतो. त्यासाठी मात्र पैसे परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने मुभा दिली असेल तिथे रुपयांत, यायला हवेत. क्रिप्टो त्यात बसत नाही. त्याला सरळ सांगा, बँकेतून युरो पाठव. पैसे जमा झाले की बँकेकडून परदेशी रकमेचा दाखला मागून घ्या आणि बिलाला जोडून ठेवा. आणि कर न भरता निर्यातीचं बिल करायचं असेल तर जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ अर्जातून हमीपत्र द्यावं लागतं. ते एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं, म्हणून एप्रिलचं पहिलं बिल काढण्याआधी नवं भरून घ्या.